कपाच्या बुडावरचा तांबडा आकडा घासू नका

ताई, शाहूपुरीतल्या घरी तुमच्या सासूबाईंच्या ट्रंकेतून सहा कपबश्या निघाल्या. बुडाला हिरवा मुकुट, खाली 'इंग्लंड', शेजारी तांबड्या रंगात हातानं लिहिलेला आकडा. इथवर वाचताना बरं वाटलं. पण 'फोटो नीट यावेत म्हणून रात्री ब्लीचमध्ये ठेवते' हे वाचलं आणि पोटात गोळा आला. ठेवू नका. ठेवल्या असतील तर आत्ताच्या आत्ता काढा.

आमच्या आजीनं तिच्या कपबश्या कधी स्वयंपाकघरात येऊ दिल्या नाहीत. असल्या कपांच्या मातीत हाडांची राख असते हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, त्यामुळं त्या कायम माडीवरच्या कपाटात. म्हणूनच टिकल्या. घर रिकामं करताना त्या माझ्याकडं आल्या. बुडाला कसलाच शिक्का नव्हता, फक्त तांबडा आकडा: वर एक अंक, मध्ये आडवी रेघ, खाली तीन अंक. आपल्याकडं पितळी भांड्यांवर नाव घालतात ना, तसंच कुणीतरी मोजदादीसाठी लिहिलं असणार, असं मी धरून चाललो. रात्रभर लिंबू-मिठाच्या पाण्यात बुडवल्या आणि सकाळी राख आणि काथ्या घेऊन बसलो. तो रंग ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराच्या, वर होता आणि आधीच झिजलेला. गेला. एका सकाळी अकराही बश्या स्वच्छ केल्या.

पुढं वर्षभरानं एका जाणकारानं पहिलाच प्रश्न विचारला, "नंबर काय होता?" एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कितीतरी इंग्लिश कारखाने नाव घालतच नसत, नक्षीचा नंबर तेवढा लिहीत. असा रेघ मारलेला अपूर्णांकासारखा नंबर कोलपोर्ट कारखान्यावाले लिहायचे, रिजवे कारखान्यावालेही लिहायचे. अंक हातात असते तर नक्षीशी ताडून कारखाना सापडला असता. मला रेघ आठवत होती, अंक नाही. घासण्याआधी फोटो एकही काढलेला नव्हता. हे अजून सलतं.

त्यानंतर एका कार्यालयात फोटो पाठवले. आठ महिने फेऱ्या मारल्यावर 'वस्तू जुनी वाटते' एवढं एका ओळीत उत्तर आलं. ते मलाही दिसत होतं. निदान शिक्का कसा वाचायचा एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

मुकुटावर जाऊ नका, तो वाटेल त्या कारखान्यानं छापलाय. 'इंग्लंड' हा शब्द जास्त कामाचा. अमेरिकेच्या कायद्यानं १८९१ पासून तिकडं जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, त्यामुळं तुमचे कप बहुतेक त्यानंतरचे. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसावं शतक. 'आरडी नंबर' (Rd No, म्हणजे नक्षीचा नोंदणी क्रमांक) असेल तर ती १८८४ पासूनची नोंदणी. पण तो नंबर नक्षी कधी नोंदली ते सांगतो, कप कधी भाजला ते नव्हे. यात भलेभले फसतात. पत्त्यातल्या चौकटसारखा उभा शिक्का आणि त्याच्या कोपऱ्यांत अक्षरं दिसली तर १८४२ ते १८८३ मधली नोंदणी. आणि मुंबईच्या दुकानाचं नाव असेल तर ते विकणाऱ्याचं असू शकतं. बनवणारा वेगळा.

माझं मत स्पष्ट आहे: सहाही बश्या, सहाही कप, प्रत्येकाचं बूड आधी तपासा. एकावर शिक्का, बाकीच्यांवर नुसता नंबर, असं सर्रास असतं. टवका गेलेला म्हणून एकही नग भंगारात घालू नका, शिक्का नेमका त्याच्यावर असायचा. मी काही तज्ज्ञ नाही, किंमत तर मुळीच सांगणार नाही. फोटोवरून किंमत सांगणाऱ्यांवर विश्वासही ठेवू नका.

धुवायच्याच असतील तर कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं, आणि बेसिनमध्ये टॉवेल अंथरा. सोनेरी काठाला घासणी लावू नका. गुंडाळायला वर्तमानपत्र नको, शाई लागते. जुनी सुती साडी उत्तम.

आज दुपारी खिडकीजवळ कप उपडे ठेवा, फ्लॅश बंद करा, आणि तांबडा आकडा आधी वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या, रेघ-टिंबासकट. मग फोटो टाका. मी रात्री जेवण झाल्यावर बघतो.