शाखेचं अध्यक्षपद घ्यावं का आणि त्याला कोणते गुण लागतात?

तुम्ही लिहिलंय की असोसिएशनच्या शाखेतले सिनियर लोक पुढच्या टर्मला अध्यक्ष व्हा म्हणून मागे लागलेत, वय ३४, पगार नाही मानधन नाही, मग घ्यावं का आणि अशा फुकट कामाच्या लीडरमध्ये नेमकं काय लागतं. मी सिव्हिल इंजिनिअर, आमच्या असोसिएशनच्या शाखेत चार वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. गाव सांगत नाही, कृष्णाकाठ एवढं पुरे, ओळखणारे ओळखतील.

व्हिजन, प्रेरणा वगैरे पदग्रहण समारंभाच्या भाषणाला ठीक. मी एकच बघतो, पदामुळे हाताशी आलेली गोष्ट स्वतःच्या ऑफिसकडे वळवायची संधी येते तेव्हा माणूस काय करतो. बाकी सगळं शिकता येतं, अगदी मिनिट्स लिहायलासुद्धा.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. ओसरल्यावर आमच्याकडे गल्लोगल्ली चिखल आणि कुजलेल्या धान्याचा वास. मीटिंगमध्ये ठरलं की पाण्यात गेलेली घरं फुकट तपासायची, निदान आत झोपावं की नाही एवढं तरी लोकांना सांगायचं. ग्रुपवर ४० अंगठे आले आणि रविवारी सकाळी माणसं ७. ती पण दोन दिवस उशिरा, कारण अध्यक्षांचं म्हणणं बॅनर आणि जॅकेटं आल्याशिवाय निघायचं नाही, लोकांना कळायला नको का कोण आलंय म्हणून.

माझ्या जोडीला एक नवी पोरगी होती, पास होऊन वर्ष झालेलं. एका आजीचं घर, खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, वर पत्रा. भिंतीवर पाण्याची रेघ खिडकीच्याही वर. बाहेरून गिलावा शाबूत दिसत होता म्हणून मी ठीक आहे म्हणणारच होतो, तेवढ्यात या पोरीनं बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि जोत्याच्या वर वीतभर अंतरावर भिंतीत दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. वरचा गिलावा ठोकला तर बद्द आवाज. आम्ही सांगितलं, टेकू लावा, भिंत वाळेपर्यंत आत झोपू नका, शेजारच्या शाळेत जा. आजी म्हणाल्या, "मी जाईन वो, पण देव कुठं ठिवू?" यावर आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. पोरीनं स्वतःच देव्हारा उचलून समोरच्या स्लॅबच्या घरात नेऊन ठेवला.

तर फॉर्मवर घरमालकाचं नाव, फोन नंबर, नुकसान असं सगळं होतं आणि सगळे फॉर्म अध्यक्षांच्या ऑफिसात जमा व्हायचे. पंधरा-वीस दिवसांनी आजींच्या नातवाचा मला फोन, "साहेब, तुमच्या अध्यक्षांनी दुरुस्तीचं कोटेशन पाठवलंय, तुमच्यातर्फेच आहे ना?" मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. मग चौकशी केली तर असं एक घर नव्हतं, बरीच होती.

कमिटीत मी ठराव मांडला की असोसिएशनतर्फे तपासलेल्या घराचं काम कमिटीतल्या कुणी वर्षभर घ्यायचं नाही. अध्यक्ष म्हणाले, काम कुणीतरी घेणारच ना, मग गवंड्यानं अंदाजानं करण्यापेक्षा आपण केलेलं काय वाईट, आणि असल्या अटी घातल्या तर पुढच्या वेळी ७ पण येणार नाहीत. ठराव ५ विरुद्ध ४ नं पडला. मी त्याच रात्री सेक्रेटरीपद सोडलं, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून आलो. अहो, ज्या बाईला आपण असोसिएशनचं जॅकेट घालून 'भिंत धोक्यात आहे' सांगतो, तिनं त्याच जॅकेटवाल्याचं कोटेशन आल्यावर नाही कसं म्हणायचं? तिला वाटणार तपासणी कोटेशनसाठीच होती. हे मी तेव्हा सांगत होतो, आजही सांगतो, आणि तो पाचवा हात वर करणारा माझा मित्र हे वाचत असेल तर त्यालाही सांगतो.

आता एक कबूल करायला पाहिजे. अध्यक्षांचा रेट खरंच कमी होता. गाडी, डिझेल सगळं त्यांनी पदरचं घातलं होतं. आणि २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा आजींचं घर उभं राहिलं, खालून विटांचं बांधकाम त्यांनीच करून दिलेलं. मीही काही धुतल्या तांदळाचा नाही, चार वर्षं हिशोब कुणाला हात लावू दिला नाही, म्हणून माझ्यानंतर सहा महिने कुणाला काही सापडत नव्हतं म्हणे.

तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. घ्या, ३४ हे वय चांगलं आहे, पण एकच टर्म. होकार द्यायच्या आधी मागचा चेंज रिपोर्ट, म्हणजे कमिटी बदलल्याचं सरकारदरबारी कळवलेला कागद, बघायला मागा. महाराष्ट्रात आपल्यासारख्या संस्था बहुतेक १८६० च्या सोसायटी कायद्यात आणि १९५० च्या ट्रस्ट कायद्यात अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात आणि कमिटी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे कळवावं लागतं. ते राहिलं असेल तर कागदावर जुनेच लोक आणि बँकेत सह्या बदलताना तुमच्या चपला झिजणार. शाखा वरच्या संस्थेच्याच नोंदणीखाली असेल तर हे त्यांचं काम, तरी विचारा.

ती पोरगी आता सेक्रेटरी आहे. तिनं फॉर्ममधून फोन नंबरचा रकाना काढून टाकलाय, त्याच्या जागी 'देवघर / मौल्यवान वस्तू कुठे हलवल्या' असा रकाना आहे.