डब्यासारखी उभट छोटी वॅगन रोजच्या वापराला कशी वाटते?

रोज चार माणसं आणि त्यांचं सामान न्यायचं असेल, तर बिनधास्त घ्या. मी सहा वर्षं अशीच गाडी चालवतोय. छप्पर मागपर्यंत सरळ असल्याने मागे बसणाऱ्या उंच माणसाचंही डोकं वर टेकत नाही. सीट उंचावर असल्याने खाली वाकून बसावं लागत नाही, नुसतं सरकायचं. गुडघेदुखी असलेल्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. मागची सीट पाडली आणि सायकलचं पुढचं चाक काढलं, की ती आत आडवी मावते आणि डिकीचं दार नीट लागतं. काचा मोठ्या आणि उभ्या, त्यामुळे पार्किंग करताना मागचा कोपरा अचूक समजतो.

मात्र तुमचं बरंचसं ड्रायव्हिंग हायवेवर असेल तर थोडा विचार करा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी 80 वरून 110 किमीवर गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो. सपाट नाकाच्या गाडीला त्याची झळ जास्त बसते, ॲव्हरेज लगेच घसरतं. शिवाय ट्रकला ओलांडताना वाऱ्याचा झोत बाजूने आदळतो, तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा. टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावरच घ्या.