इंग्रजी कच्चं आहे, राहायला सोलापुरात. बोलण्यापुरतं जपानी शिकायला सुरुवात कुठून करू?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मित्र सांगतात, आधी इंग्रजी पक्कं कर, मग पुण्याला क्लास लाव, मग जपानी. त्या मित्रांमध्ये आमचे साडू आहेत की काय अशी शंका आली, म्हणून लिहायला बसलो.

इंग्रजी लागत नाही. उलट ते आडवं येतं. मला आलं, आणि तेही चारचौघांत.

२०१४ सालची गोष्ट. मी तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात माल तपासायला होतो. मालकांनी चार जुने जपानी एअरजेट माग घेतले आणि ते बसवायला तिकडून एक मेकॅनिक आला. साठीच्या पुढचा, बुटका, गळ्यात कायम पांढरा टॉवेल. बरोबर पुण्याचा एक दुभाषी होता. त्याचं दोन दिवसांत पोट बिघडलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं तो परत गेला. मी फावल्या वेळात जपानी शिकतोय हे कुणीतरी मालकांच्या कानावर घातलं होतं. झालं, मी दुभाषी.

माझं सगळं शिक्षण एका पुस्तकावरचं. इंग्रजीतून जपानी शिकवणारं, साडूंनीच दिलेलं. ते पुण्यात असतात, रीतसर परीक्षा देतात, आणि "अहो, बेस पक्का पाहिजे" हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या पुस्तकात 'चोत्तो' या शब्दापुढे इंग्रजीत 'अ लिटल' लिहिलेलं. मी ते 'थोडं' असं पाठ केलं.

त्या दुपारी मालकांनी विचारायला लावलं, आज माग चालू होईल का? मी कसंबसं वाक्य जुळवून विचारलं. म्हाताऱ्यानं मान तिरकी केली, दातांच्या फटीतून स्स् करून हवा आत ओढली आणि म्हणाला, "क्यो वा चोत्तो…" पुढे काहीच नाही. क्यो म्हणजे आज, चोत्तो म्हणजे थोडं. मी मालकांना सांगितलं, थोडंच राहिलंय, आज होतंय.

मालकांनी पाचला पूजा ठेवली. नारळ, झेंडूचे हार, दोन किलो पेढे, शेजारच्या दोन कारखान्यांचे मालक, आमच्या मालकांच्या मातोश्री. पहिल्या मागाला हार घालून झाला. मागाखालून म्हाताऱ्याचे फक्त पाय दिसत होते. गर्दीचा आवाज ऐकून तो सरकत बाहेर आला. त्यानं आधी हार बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "चोत्तो…"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्ही एखाद्याला म्हणता, "संध्याकाळी येताय का जेवायला?" तो म्हणतो, "आज जरा…" आणि कान खाजवतो. या 'जरा'चा अर्थ कुणी 'थोडं' असा घेतं का? नाही म्हणालाय तो. चोत्तो म्हणजे हा 'जरा'. मराठी माणसाला हे शिकवावंही लागत नाही. पण मी जपानीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असा फिरून आलो, आणि वाटेत नकार सांडला. सोलापूरहून अक्कलकोटला व्हाया मुंबई जाण्यातला प्रकार. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "जपानी शिकलास का झोपा काढलास बे?" पेढे मात्र वाटले.

माग चालू झाले आठव्या दिवशी. मधले दिवस काम निभावलं ते माझ्यामुळे नाही, आमच्या जॉबर (माग जुळवणाऱ्या) मामांमुळे. मामा पूर्व भागातले. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, सासुरवाडीला कन्नड. त्यांनी म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून तीनच शब्द उचलले: दाइजोबु म्हणजे ठीक आहे, दामे म्हणजे नाही चालत, आणि मोओ इच्चिदो म्हणजे परत एकदा. नट आवळून झाला की मामा वर बघून विचारायचे, "सान, दाइजोबु का?" यातला 'का' त्यांनी स्वतःच्या मनानं लावला, कारण मराठीत प्रश्नाच्या शेवटी का लावतात. आणि जपानीतही नेमका तोच 'का' आणि तिथंच लागतो! म्हाताऱ्याला वाटलं, मामांना व्याकरण येतं.

एकदा मामांनी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगा चटणी म्हाताऱ्यापुढे केली. चाखून म्हातारा म्हणाला, "काराइ!" मामा लगेच, "हां हां, कारम!" तेलुगूत कारम म्हणजे तिखट, जपानीत काराइ म्हणजेही तिखट. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून भाषांची सोयरीक जमवत बसू नका. पण त्या दिवसापासून दोघं एकत्र जेवायला लागले हे खरं.

आता तुमच्या कामाचं. जपानी वाक्याचा सांगाडा जवळपास मराठीचाच आहे. कर्ता, कर्म आणि क्रियापद शेवटी. शब्दयोगी अव्ययं आपल्यासारखीच शब्दाच्या मागे चिकटतात: कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत, नो म्हणजे चा-ची-चे (आणि लिंगाची भानगडच नाही, तेवढं त्यांचं बरं). आपल्याला 'चहा आवडतो'. आवडणारा चहा असतो, आपण नाही. त्यांचंही 'ओचा गा सुकि' तसंच. डोकं दुखतंय म्हणजे 'आतामा गा इताइ', डोकं दुखतं, बस्स. इंग्रजीवाल्याला हे समजवायला पानभर लागतं.

सगळ्यात मोठी मौज '-ऊन'मध्ये आहे. क्रियापदाचं ते 'ते'वालं रूप पुस्तकं फार भीती घालून शिकवतात. ते आपलं 'करून, खाऊन, जाऊन' आहे. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणं. ताबेते शिमात्ता म्हणजे खाऊन टाकलं. कात्ते ओकु म्हणजे विकत घेऊन ठेवणं. मोत्ते कुरु म्हणजे घेऊन येणं, मोत्ते इकु म्हणजे घेऊन जाणं. बघणं, टाकणं, ठेवणं, सगळं जसंच्या तसं. घरातून निघताना ते 'इत्ते किमासु' म्हणतात, म्हणजे 'जाऊन येतो'. घरातला म्हणतो 'इत्ते राश्शाइ', म्हणजे 'जाऊन या'. आमच्या गेस्टहाउसवर स्वयंपाक करणाऱ्या आजी रोज सकाळी त्या म्हाताऱ्याला सवयीनं "जाऊन या" म्हणायच्या. मी त्याला त्याचा अर्थ सांगितला तर दारातच वळून आजींना वाकून नमस्कार केला त्यानं. नुसतं 'जातो' म्हणायचं नाही, हे दोन्हीकडच्या आयांनी शिकवलेलं.

उच्चारातही आपलं बरंच आधीच झालेलं आहे. त्सुनामीतला त्सु हा आपला चुलीतला चु आहे. 'किते' म्हणजे ये आणि 'कित्ते' म्हणजे काप. धागा कापायच्या जागी हा फरक चुकवून चालत नाही. आपण गड्ड्याच्या यात्रेला गड्याची यात्रा म्हणत नाही, मग हे जमायला काय हरकत आहे? जपायचं ते दीर्घ स्वरांना: ओबासान म्हणजे काकू, ओबाआसान म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईसमोर स्वर लांबवलात तर तुमचं तुम्ही बघा.

तुम्ही लिहिलंय की अॅपवर प्रत्येक वाक्य 'वाताशि वा'नं सुरू होतं. ते आजच सोडा. 'मी' सांगायची गरज नसते तेव्हा आपणही कुठं सांगतो? "जेवलात का?" "जेवलो." एवढंच. आणि त्यांच्या 'हाय'ला होकार समजू नका. तो निम्म्या वेळा आपला 'हं' असतो, ऐकतोय एवढंच सांगणारा.

साडूंना मी हे सगळं एका लग्नात सांगितलं. ते म्हणाले, "हे कारखान्यातलं जपानी झालं, सोलापुरात राहून एवढंच यायचं." मला राग आला तो सोलापूरला नाव ठेवल्याचा. ज्या गावात भाजी घेताना माणूस तीन भाषा बदलतो, तिथं राहून भाषा येत नाही? डॉक्टर कोटणीस इथलेच ना? १९३८ साली चीनला गेले, तिथं चिनी शिकले आणि त्याच भाषेत काम केलं. साडूंनी जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची, एन ३ पातळी काढलीय, कबूल. पण त्या परीक्षेत बोलायचा एकही प्रश्न नसतो. वाचन, ऐकणं, शब्द, व्याकरण, आणि सगळ्याला पर्याय निवडून खुणा करायच्या. साडूंनी समोरच्या जपानी माणसाशी बोलताना दोन मिनिटं वाक्य जुळवलेलं मी पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानात, जपानमधल्या ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेल्या त्या पुलावर, या डोळ्यांनी पाहिलंय. तोवर तो माणूस फोटो काढून पुढं गेला होता.

आता थोडं माझ्या विरुद्धचंही लिहितो, नाहीतर तुम्ही फसाल. सांगाडा सारखा म्हणून भाषा सोपी असं नाही. मान देण्याचे त्यांचे थर आपल्या अहो-जाहोच्या पलीकडचे आहेत. तिथं मराठी कामी येत नाही. माझं बोलणं खरोखरच कारखान्यातलं आहे, एखाद्या ऑफिसात ते उद्धट वाटेल. नोकरीसाठी जपानला जायचं असेल तर परीक्षा चुकत नाही. कामगारांसाठी २०१९ पासून जो खास कौशल्याचा व्हिसा आहे, त्यालाही एन ४ किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा लागते. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, केंद्र पुण्यात आहे, तेवढ्यापुरतं जावंच लागेल. आणि लिपी टाळू नका. मी टाळली. त्या म्हाताऱ्याचं दर वर्षी जानेवारीत नववर्षाचं कार्ड येतं. हिरागाना, म्हणजे त्यांची साधी उच्चाराची अक्षरं, मला वाचता येतात; कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, येत नाहीत. मग फोटो काढून साडूंना पाठवावा लागतो, आणि ते आधी इंग्रजीत भाषांतर करून पाठवतात.

तेव्हा पहिला महिना फक्त कान आणि तोंड. रोज वीस मिनिटं ऐका, ऐकलेलं मोठ्यानं म्हणा. दिवसभरात जे मराठी वाक्य तोंडून जाईल, "घेऊन ये", "खाऊन बघ", "आज जरा", ते जपानीत बसवा. तिसऱ्या आठवड्यापासून हिरागाना घ्या, ४६ अक्षरं आहेत, बाऊ करू नका. तक्ता विकत आणू नका, बाजारातल्या बहुतेक तक्त्यांवर उच्चार रोमन अक्षरांत असतात. कार्डबोर्डवर स्वतःच्या हातानं काढा आणि प्रत्येक अक्षराखाली उच्चार देवनागरीत लिहा. त्सुखाली चुलीचं चित्र काढलंत तरी चालेल, माझ्या तक्त्यावर आहे.