आधी पाण्याची रेषा

प्रिय मुली,

आंध्रातलं कोल्लेरू सरोवर पाहून आल्यापासून तुझा एकच प्रश्न आहे. १९९९चं अभयारण्य, २००२चा रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता), २००६ मध्ये यंत्रं लावून फोडलेले मत्स्यतळ्यांचे बांध; एवढं होऊनही तळी परत कशी उभी राहिली?

जमिनीच्या कागदांमुळे. अभयारण्याची हद्द पाच फुटांच्या समोच्च रेषेवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून तेवढी उंची असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषेवर ठरली, ३०८ चौरस किलोमीटर. पण रेषेच्या आत खासगी मालकीच्या जमिनी होत्या आणि त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न लोंबकळत राहिला. ज्याच्या नावावर जमीन, तो फुटलेला बांध पुन्हा घालणारच. मग सरोवरात येणाऱ्या बुडमेरू-तम्मिलेरू नद्यांच्या पुराला पसरायला जागा उरत नाही. समुद्राकडे जायला वाट एकच, उप्पुटेरू नावाचा प्रवाह.

तुमच्या गावच्या पाणथळीत ऊस शिरतोय म्हणून तू सह्या गोळा करायला निघालीस. थांब. आधी रेषा! सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी सर्वांत वर असताना काठाकाठाने चाल. तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटतील असे फोटो घे. मोरीवरच्या, झाडांच्या बुंध्यांवरच्या पुराच्या खुणा टिप. ती रेषा गाव नकाशावर चढव, आतला प्रत्येक गट क्रमांक लिहून काढ, प्रत्येकाचा सातबारा आणि जुने फेरफार मिळव. फक्त मे महिन्यातले फोटो जोडलेस तर भेगाळलेली जमीन दिसते आणि समोरचा ‘पडीक आहे’ म्हणून मोकळा होतो.

पाणथळ मुळात सिंचनासाठी बांधलेला तलाव तर नाही ना, हेही बघ. २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून असे तलाव वगळलेत. तसं असेल तर पाटबंधारे खात्याची संपादन रेषा, म्हणजे तलावासाठी घेतलेल्या जमिनीची हद्द, माग. भाताची खाचरंही त्या व्याख्येत नाहीत.

आणि गाळपेर करणाऱ्यांशी भांडू नकोस, कळकळीने सांगते. पाणी ओसरल्यावर हरभरा पेरणारा पाण्याची वाट अडवत नाही. पाणथळ टिकली तर त्याचंही पीक टिकतं, तो तुझा साक्षीदार आहे. अडवतो तो बांध. त्याच्याही आधी पाणी काढून देणारा चर खणला जातो. चर दिसला त्याच दिवशी तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी लेखी अर्ज दे आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नकोस. बांध घालून दोन पिकं निघाली की तीच जागा ‘वहिवाट’ होते.

हेकेखोर म्हण मला, पण रेषा नसलेल्या पाणथळीसाठी काय भांडणार? पक्ष्यांची यादी नंतर पाठव. आधी गट क्रमांकांची हवी.

तुझी,
मावशी