लिंक्डइनवर अनोळखी माणसांच्या रिक्वेस्ट स्वीकाराव्यात का?

डिप्लोमा होऊन सहा महिने झाले आहेत, लिंक्डइनवर चाळीसेक अनोळखी माणसांच्या रिक्वेस्ट पडून आहेत आणि त्या सरसकट स्वीकारल्यास नोकरीसाठी उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे. सरसकट स्वीकारू नका. मी इतक्या ठामपणे का सांगतो, ते कळण्यासाठी एक प्रसंग ऐकावा लागेल.

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. २०२१ साली एका बारशाच्या पंगतीत आमच्या साडूंनी माझा फोन हातात घेतला, माझी नव्वद जणांची यादी शेजारच्यांना दाखवली आणि पाचशेच्या वर गेल्याशिवाय बाजारात माणसाला किंमत नसते, असे सर्वांदेखत सुनावले. मला ते लागले. पुढचे दोन महिने कंपनीच्या बसमध्ये नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत मी एवढाच उद्योग केला आणि आलेली प्रत्येक रिक्वेस्ट स्वीकारत आकडा अकराशेवर नेला. (पाचशेनंतर प्रोफाइलवर कनेक्शन ‘५००+’ एवढीच दिसतात. वरचे सहाशे मी कोणाला दाखवण्यासाठी जमवले, देव जाणे.)

त्या अकराशेंत एका मोठ्या कंपनीचा एचआर अधिकारी म्हणवणारा एक जण होता. त्याचे प्रोफाइल मी उघडूनही पाहिले नव्हते. पुढच्या वर्षी आमच्याकडे पूर्वी अप्रेंटिस असलेला एक मुलगा रविवारी सकाळी घरी आला. त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ऑफर लेटरची रंगीत प्रत होती आणि त्या एकाच पानावर कंपनीचे नाव दोन निरनिराळ्या स्पेलिंगने छापलेले होते. लॅपटॉपच्या अनामतीपोटी त्याने १८,५०० रुपये यूपीआयने भरले होते आणि त्यानंतर समोरचा नंबर बंद झाला होता. पैसे पाठवण्यापूर्वी मला एक फोन का केला नाहीस, असे मी जरा रागानेच विचारले. तो म्हणाला, “सर, त्यांच्या प्रोफाइलवर म्युच्युअलमध्ये तुमचे नाव दिसत होते, म्हणून तर नाही केला.”

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, परंतु तोपर्यंत चार दिवस उलटले होते आणि पैसे परत आले नाहीत. मी निम्मी रक्कम देऊ केली. त्याने ती घेतली नाही आणि चहाही अर्धा ठेवून तो निघून गेला.

माझे वडील पतसंस्थेत कोणाला जामीन राहायचे झाले, तर सही करण्यापूर्वी त्या माणसाच्या घरी एक चक्कर टाकून येत असत. मी बसमध्ये उभ्याउभ्या अकराशे जणांना जामीन राहिलो होतो. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे: उद्या कोणी फोन करून या माणसाविषयी विचारले, तर मला खरी अशी दोन वाक्ये सांगता येतील का? तीन रविवार बसून मी यादी छाटली आणि ती आता दोनशे चौदांवर आली आहे.

यावर साडूंचे म्हणणे असे की, नोकऱ्या दूरच्या ओळखींतूनच मिळतात आणि त्याला संशोधनाचाही आधार आहे. ते अर्धेच खरे आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात विरळ ओळखींचे महत्त्व मांडले, कारण जिवलग माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. परंतु त्यांच्या विरळ ओळखी म्हणजे अधूनमधून भेटणारे परिचित, अनोळखी नव्हेत. लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील प्रयोगांचा जो अभ्यास २०२२ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही नोकरी बदलण्यास मध्यम विरळ ओळखी सर्वाधिक उपयोगी पडल्या, अगदी पुसट ओळखी नव्हेत. साडूंना मी हे दिवाळीत सांगितले, तेव्हा त्यांनी चकलीची तारीफ सुरू केली.

तुमच्या बाबतीत असे परिचित म्हणजे दोन वर्षे पुढे असलेले कॉलेजचे विद्यार्थी, वर्कशॉपचे सर आणि इन-प्लांट ट्रेनिंगमध्ये ज्यांच्या हाताखाली होता ते सुपरवायझर. त्यांना तुम्ही स्वतः रिक्वेस्ट पाठवा आणि आपण कोण, हे सोबत दोन ओळींत लिहा. मोठमोठ्या साहेबांना फॉलो करणे पुरेसे आहे.

एक मात्र मान्य केले पाहिजे की, विक्री किंवा भरतीच्या कामात असलेल्यांना हा नियम लागू नाही. आमचे साडू विमा विकतात, त्यामुळे त्यांचा आकडा त्यांच्या धंद्यापुरता योग्यच आहे. तो त्यांनी माझ्यावर लादायला नको होता. शिवाय प्रत्येक अनोळखी माणूस लबाड नसतो. गेल्या वर्षी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीवाल्यांनी आमच्या कोणत्या भागाचे कास्टिंग आपण करू शकतो, हे रिक्वेस्टसोबतच नेमके लिहिले होते. मी चौकशी करून ती स्वीकारली आणि आज ते आम्हाला माल पुरवतात.

तुमच्या चाळीसांपैकी ज्यांच्या नावाखाली तुमच्या ओळखीचे कोणी दिसते, त्या ओळखीच्या माणसाला आधी फोन करा. “मीही असेच स्वीकारले होते” असे उत्तर आले, तर रिक्वेस्ट काढून टाका. समोरच्याला त्याची सूचना जात नाही.