आजीच्या हातची कटाची आमटी

प्रश्न : आजी गेल्यापासून दर होळीला पुरणपोळीसोबत कटाची आमटी मीच करते. गोडा मसाला, चिंच, गूळ सारे तिच्याच प्रमाणात घेते, तरीही तिच्या आमटीचा वास येत नाही. काय चुकत असावे?

उत्तर : प्रमाण तुम्ही सांभाळले आहे, तेव्हा माझी शंका मसाल्याच्या भाजणीवर आहे. गोड्या मसाल्याला त्याची ओळख देणारे दगडफूल कोरडे हुंगले तर जेमतेम जाणवते; थोड्या तेलात मंद आचेवर परतले की मगच त्याचा वास खुलतो. धणे, तीळ आणि सुके खोबरेही वेगवेगळेच भाजावे, कारण धणे खमंग होईपर्यंत तीळ करपून कडू होतात. खोबऱ्याला बदामी रंग येताच कढई उतरवावी आणि सर्व जिन्नस पूर्ण निवल्यावरच कुटावेत. मसाला जुना असेल, तर खोबऱ्याचा खवटपणा आमटीत उतरतो व तो कशानेही झाकला जात नाही.

दुसरे म्हणजे, हरभऱ्याच्या डाळीचा कट अगदी नितळ राहिला, तर आमटी पाणचट लागते. त्यात दोन चमचे पुरण कालवून पाहा. माझी आई तर पुरणयंत्राला चिकटलेले पुरणही त्याच कटात धुऊन घेत असे. एकदा करून सकाळची आमटी रात्री पुन्हा उकळून वाढा. वास आठवणीच्या फार जवळ राहतो, म्हणून त्या वेळी आजीला पाहिलेले घरातले सगळेजण पंगतीला असू द्या. ओळख त्यांनाही पटायला हवी.