पहिलटकरणीचं सिझर घाईत ठरवू नकोस
अगं, पहिलटकरणीच्या गर्भाशयाचं तोंड ३ सेंटीमीटर उघडून चार तास तिथंच थांबलं म्हणून ‘हिचं सिझरच होणार’ असं नातेवाइकांना सांगून टाकू नकोस. तासाला १ सेंटीमीटर हा सरसकट हिशेब जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच सोडला. सक्रिय अवस्था, म्हणजे कळा जोर धरून तोंड भराभर उघडू लागतं तो टप्पा, ५ सेंटीमीटरपासून धरतात, आणि पहिल्या खेपेला तिथून पुढे १२ तासही लागू शकतात. त्याआधीच्या वेळेवरून प्रसूती कशी होईल हे ठरत नाही. तू पोटावर हात ठेवून कळा मोज, डोकं खाली सरकतंय का बघ, बाळाचे ठोके ऐक. ठोके बिघडले किंवा गर्भातलं पाणी हिरवं आलं, तर मात्र लगेच डॉक्टरांना बोलाव. तोवर तिला फिरू दे, आईला जवळ बसू दे.